साठाव्या दिवशी, सकाळी दहा वाजता

रविवारी सकाळी दहाला रंगनाथच्या गोठ्यासमोरून लाइव्ह व्हायचं होतं. पण पावणेनऊलाच वस्तीवर नऊ मोटारसायकली, दुधाचा टेम्पो आणि एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली.

"अण्णा!" त्याची मुलगी अश्विनी ओट्यावरून ओरडली. "ही माणसं कशाला आलीत?"

"कार्यक्रमाला," रंगनाथ म्हणाला. तो खुर्च्या पुसत होता.

"अण्णा, कार्यक्रम मोबाईलवर आहे! लोकांनी आपापल्या घरी बसून बघायचाय. तुम्ही बोलावलंत की काय यांना?"

रंगनाथचा हात थांबला. "तूच म्हणालीस, कार्यक्रमाच्या माहितीच्या जागेत चार ओळी लिहा. मी लिहिल्या."

अश्विनीने मोबाईल काढला आणि उभ्या उभ्या वाचलं. 'स्थळ : रंगनाथ यांची वस्ती, कॅनॉलच्या पुलाजवळ, संगमनेरपासून आठ किलोमीटर. वेळ : सकाळी दहा. सर्वांनी सहकुटुंब यावे. चहापाण्याची सोय केली आहे.'

देवळाच्या फळ्यावर तीस वर्षं रंगनाथच गावाची निमंत्रणं लिहीत आला होता. स्थळ आणि वेळ नाही लिहिली तर निमंत्रण कसलं, असं त्याला वाटलं. लिहून झाल्यावर त्याने तेच दूध केंद्राच्या ग्रुपवरही टाकलं होतं.

खरं तर हा कार्यक्रम त्याचा नव्हताच. त्याच्या बायकोचा, सत्यशीलाचा होता.

दोन गाईंच्या माणसालाही मुरघास करता येतो, त्याला मोठा खड्डा लागत नाही की ट्रॅक्टर लागत नाही, हे सत्यशीला दहा वर्षं गावोगावच्या बायकांना सांगत फिरली. हिरवा मका बारीक कापून त्याची कुट्टी जाड पिशवीत तुडवून भरायची, हवा काढून तोंड आवळून बांधायचं आणि दोन महिने मुरू द्यायचं, की उन्हाळ्यातही गाईपुढे ओला चारा. अश्विनीने तिला लिंक्डइनवर खातं काढून दिलं. "तिथं सगळे साहेब लोक असतात गं," म्हणत तिने सुरुवात केली आणि दोन वर्षांत जनावरांचे डॉक्टर तिला प्रश्न विचारू लागले. मग एके दिवशी तिने एक पिशवी भरली आणि त्याच संध्याकाळी साठ दिवसांपुढची तारीख टाकून लाइव्ह लावून ठेवलं. नाव दिलं, 'दोन गाईंचा मुरघास : आज भरलेली पिशवी तुमच्यासमोर उघडणार.'

"मधी फोडून बघायची न्हाई हं," तिने रंगनाथला बजावलं होतं. "चांगली निघू दे न्हाईतर वाईट, लोकांसमोरच निघू दे."

एकोणिसाव्या दिवशी ती गेली. छातीत कळ आली, आणि संगमनेरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पिशवी गोठ्याच्या कोपऱ्यात तशीच राहिली आणि लाइव्हची तारीखही तशीच राहिली. तिचा मोबाईल रंगनाथ रोज चार्ज करायचा. का करायचा, ते त्याला सांगता आलं नसतं. त्यावर एक दिवस सूचना आली की कार्यक्रम जवळ आला आहे. दोनशे बारा माणसांनी 'येणार' म्हणून कळवलं होतं.

अश्विनी पुण्याहून आली ती रद्द करू असं म्हणतच. "लोक समजून घेतील, अण्णा."

"तिनं दोनशे बारा माणसांना वेळ दिलीय. पिशवी तुडवायला मी हुतो, उघडायलाबी मीच."

"आणि आतून काळी निघाली तर? एवढ्या लोकांसमोर आईचं नाव जाईल. आधी हळूच बघून तरी घेऊ."

"न्हाई. फोडायची न्हाई म्हणालीय ती."

अश्विनीने रद्द करायचं सोडून दिलं आणि लाइव्हची तयारी सुरू केली. पण ती भीती तेव्हापासून रंगनाथच्याही मनात होती.

आणि आता अंगणात चाळीस माणसं!

शेजारच्या भागूबाईने कुणाला न विचारता चुलीवर मोठं पातेलं चढवलं. दूध केंद्रावरच्या भीमाने टेम्पोतून सतरंजी आणली. पांढऱ्या गाडीतून एक तिशीची बाई उतरली. "मी धनश्री, कर्जतहून आले," ती म्हणाली. "ताईंच्या कार्यक्रमाला नाव दिलं होतं. स्थळ वाचलं आणि पहाटेच निघाले. चार गाई आहेत माझ्या."

"कर्जतवरनं?" भागूबाईने तिच्या हातात कप दिला. "आन् आमचा भीमा, शेजारच्या वस्तीवरनं यायला त्याला पावणेनऊ वाजले!"

"दूध कोन घालनार, तुमी?" भीमा म्हणाला, आणि अंगण हसलं.

दहाला पाच कमी असताना अश्विनीने मोबाईल स्टँडवर लावला, लॅपटॉप खुर्चीवर ठेवला. "अण्णा, इथे बघायचं. या काळ्या ठिपक्याकडे. आपण बोललेलं लोकांना वीस सेकंदांनी दिसतं, तेव्हा घाबरू नका. तीन, दोन, एक. सुरू!"

रंगनाथ ठिपक्याकडे बघत उभा राहिला.

आयुष्यभर तो बायकोच्या मागे उभा राहून कुट्टी तुडवत आला होता, बोलायची ती. ठिपका काही हसेना, मान हलवेना. पाच सेकंद गेले. दहा गेले. लॅपटॉपवर आकडा चढत होता, साठ, नव्वद, एकशे दहा.

"अवो भाऊ," सतरंजीवरून भागूबाई ओरडली, "मका कंच्या वख्ताला कापायचा ते तरी सांगा! ताई सांगायच्या, पन माझ्या ध्यानातच ऱ्हात न्हाई."

रंगनाथ वळला. भागूबाईला उत्तर देणं त्याला येत होतं. "दाना दाबल्यावर दुधासारखा चीक यायचा बंद झाला, पीठ लागाय लागलं, की कापायचा. तुला धा वेळा सांगितलंय तिनं."

"आकराव्यांदा तुमी सांगा की."

झालं, गाडी सुरू झाली. कुट्टी केवढी, मीठ किती, कडेनं आधी का तुडवायचं, रंगनाथ सतरंजीकडे बघून सांगत सुटला. ठिपक्याकडे त्याची पाठ झाली होती. अश्विनीने स्टँड उचलला आणि ती त्याच्याभोवती फिरू लागली. धनश्री वहीत लिहीत होती. भीमाने आपल्या मोबाईलवर तेच लाइव्ह मोठ्या आवाजात लावलं, तर वीस सेकंदांपूर्वीचा रंगनाथ मधेच बोलू लागला.

"बंद कर रं त्ये! एक रंगनाथ बास हाय," कुणीतरी ओरडलं.

"एकशे नव्वद, अण्णा," अश्विनी म्हणाली. "आता पिशवी."

रंगनाथ आणि भीमाने पिशवी ओढत उन्हात आणली. तोंडाला सत्यशीलाने मारलेली गाठ होती, दुहेरी, तिच्या सवयीची. रंगनाथने विळा बाजूला ठेवला आणि ती गाठ बोटांनी सोडवली. वेळ लागला. त्याला घाई करा म्हणून कुणी म्हणालं नाही.

तोंड उघडलं. वर पांढरी बुरशी होती.

सतरंजीवर कुजबुज झाली. थोड्या वेळाने अश्विनीच्या लॅपटॉपवर ओळी उमटू लागल्या. तिने त्या मोठ्याने वाचून दाखवल्या नाहीत, पण तिचा चेहरा पडला. धनश्रीची पेन्सिल थांबली. रंगनाथ पिशवीवर वाकलेला तसाच राहिला. आधी उघडली असती तर, एवढंच त्याच्या मनात आलं. आणि लगेच सत्यशीलाचा आवाज आठवला, दर वर्षीचा, वैतागलेला. 'अवो, वरचं वीतभर उकिरड्याचं. गाईचं त्याच्या खाली.'

"पाटी आन, भीमा!"

त्याने वरचा वीतभर थर दोन्ही हातांनी काढून पाटीत टाकला. मग हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. पिवळसर हिरवा, मऊ, मोकळा चारा. त्याने मूठ दाबून उघडली. तळवा नुसता ओलसर झाला होता, पाण्याचा एक थेंब टपकला नाही.

"जमलंय!" तो ओरडला. आपण एवढं ओरडलो याचं त्याला नवल वाटलं.

"अण्णा, एक डॉक्टर विचारतायत," अश्विनी घाईघाईने म्हणाली. "डॉक्टर यामिनी. रंग चांगला दिसतोय, पण खरं वासावर कळतं. वास कसा आहे?"

वास काही मोबाईलमधून जात नाही. रंगनाथने सतरंजीकडे पाहिलं, आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं की स्थळ लिहिलं ते बरं झालं.

"या रे सगळे! हुंगा आन् सांगा त्यांना!"

चाळीस माणसं उठली. भागूबाईने मूठ नाकाशी नेली. "ताकासारखा! जरा गोडसर. झकास!" भीमा म्हणाला, "लोनच्याची बरनी उघडल्यावानी." धनश्रीने हुंगलं, परत हुंगलं, आणि मोबाईलसमोर येऊन म्हणाली, "मी आजपर्यंत दोन वेळा केला, दोन्ही वेळा नासला. म्हणून सांगते. हा नासलेला नाही."

"तरी पन खरी परीक्षा ऱ्हायलीच की," भागूबाईने गोठ्यातल्या काबरी गाईकडे हात केला. कुणाच्याही हातचा चारा पुढे आला की काबरी आधी नाक मुरडायची. रंगनाथने चाऱ्याने भरलेलं घमेलं तिच्यापुढे ठेवलं. काबरीने फुर्रकन श्वास सोडला, घमेल्यात तोंड घातलं आणि वर काढलंच नाही. अंगणात टाळ्या पडल्या.

"अण्णा, लोक विचारतायत, पुढची पिशवी कधी?" अश्विनी हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

रंगनाथने घराच्या मागे पाहिलं. मक्याच्या कणसांत दाणा भरत होता. "पंधरा दिसांत कापायला येईल. त्याच्यापुढं साठ दिवस मोज आन् टाक तारीख. तिच्याच खात्यावरनं."

"आणि स्थळ?"

"स्थळ लिहायचं म्हंजे लिहायचं! चहा वाढीव ठेवू."

तेवढ्यात भीमाने परत चालू केलेल्या मोबाईलमधून, वीस सेकंद मागून, पुन्हा टाळ्या ऐकू आल्या. रंगनाथ जाऊन त्याच्या खांद्यावरून वाकला. छोट्या पडद्यावर काबरी घमेल्यात तोंड घालून खात होती आणि एक माणूस तिच्या मानेवर हात ठेवून तिला सांगत होता, "खा, खा. सत्यशीलानं भरलाय."

आपण हे बोललो होतो, हे त्याला आठवतही नव्हतं.