कापराच्या वासाचं औषध

आंब्याला मोहोर आला की पाहुण्यांना आनंद होतो. रत्नागिरीच्या बागायतदाराची मात्र त्या दिवसांत झोप उडते. तुडतुडे नावाचे बारीक किडे मोहोराचा रस शोषतात, झाड चिकट होतं, मग काळं पडतं आणि वर्ष हातचं जातं. १९३० च्या सुमाराची ही गोष्ट. त्या साली सगळीकडे हीच रड होती, फक्त काशीरामची बाग स्वच्छ होती.

काशीराम पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकून आलेला. त्यानं खटपट करून तुडतुड्यांवर औषध काढलं होतं आणि एका साप्ताहिकात त्यावर लेखही छापून आणला होता. मोहोर कसा वाचला, फळ कसं धरलं, सगळं त्यात होतं. औषध कशाचं, तेवढंच नव्हतं. त्याचे वडील कलमाची गाठ बांधताना बघणाऱ्याकडे पाठ फिरवत. मुलगा एवढा शिकला, पण ती खोड काही सुटली नाही.

त्याला शाळेत विज्ञान शिकवलेले धोंडूमास्तर लेख घेऊन घरी आले.

"काशीराम, हा लेख आहे की जाहिरात?"

"मास्तर, त्यात खोटं एक अक्षर नाही."

"नसेल. पण दुसऱ्या कुणाला ते करून बघता येत नाही, मग खरं कसं मानायचं? तुझ्या बागेत गुण आला तो औषधाचा, मातीचा की पाण्याचा, हे तुला तरी ठाऊक आहे का? चार बागांत चौघांनी तसंच करून बघू दे, मग कळेल."

"आणि त्यांनी त्यावर आपलं नाव लावलं तर? कष्ट मी केलेत."

मास्तर उठले. "नाव तुझंच राहील. कशाशी जोडलेलं राहील, तेवढं बघ."

काशीरामला ते बोलणं लागलं, पण पटलं नाही.

पुढच्या मोहोराच्या दिवसांत त्याची बहीण सगुणा आली. तिच्या नवऱ्यानं, भिवानं, खाडीकाठची एक बाग खंडानं, म्हणजे वर्षाला ठरलेले पैसे देऊन, कसायला घेतली होती. आदल्या वर्षीचा मोहोर काळा पडून गेला होता.

"दादा, औंदाही मोहोर गेला तर बाग सोडावी लागेल. हे बोटीनं मुंबईस जायचं म्हणतायत. मी एकटीनं काय करू रे?"

बहिणीला नाही म्हणण्याइतका काशीराम दगड नव्हता. त्यानं तपकिरी लगद्याचा डबा तिच्या हाती दिला. "पाण्यात कालवायचं नि पिचकारीनं मारायचं."

"हाय कशाचं पण?"

"तुला काय करायचंय? औषध आहे."

वासावरून कुणी ओळखू नये म्हणून त्यानं त्यात कापूर घातला होता. सख्ख्या बहिणीपासूनही लपवायचं! धन्य ते संशोधन.

भिवानं बागेतल्या विहिरीचं पाणी काढलं आणि लगदा कालवला. त्याच्या दह्यासारख्या गुठळ्या झाल्या, वर तेल तरंगायला लागलं. भिवा घुटमळला. पण शिकलेल्या मेव्हण्याचं औषध, ते असंच असायचं, असं म्हणून त्यानं ते ढवळून सगळ्या झाडांवर मारलं. तुडतुडे गेले आणि मोहोरही करपून गळाला.

काशीराम धावत आला. बादलीच्या तळाशी साचलेला थर त्यानं बोटानं चाचपला.

"पाणी कुठलं घेतलंत?"

"हितल्याच विहिरीचं," भिवा म्हणाला.

काशीरामनं बादली उपडी केली. "तो साबण होता. मुशी माशाचं तेल, राळ नि खार शिजवून केलेला साबण."

सगुणा पुढे झाली. "साबण? अरे, ही विहीर मचूळ, खारट पाण्याची! हिच्या पाण्यात साबण फुटतो हे आमच्या आळीतलं शेंबडं पोर सांगेल. मी रोज धुणं घेऊन वरच्या झऱ्यावर जाते ती काय हौसेनं? नुसतं साबण म्हणाला असतास तर झऱ्याचं पाणी आणलं असतं!"

फुटलेल्या साबणातलं सुटं तेल बसून मोहोर करपला, हे काशीरामला आता कळलं. त्याच्या बागेत डोंगरातलं गोड पाणी होतं. मचूळ पाण्यात औषध कधी कालवलंच नव्हतं. मास्तरांनी पाण्याचं नाव घेतलं होतं, ते आता आठवून काय उपयोग?

भिवा आगबोटीनं मुंबईला गेला. बंदरावर तो मेव्हण्याला एवढंच म्हणाला, "आता तरी लोकांना सांगा."

काशीरामनं सांगितलं. बागायतदारांच्या सभेत, सगळ्यांकडे तोंड करून, त्यानं चुलीवर साबण शिजवून दाखवला. काय, किती, कुठलं पाणी, काही राखून ठेवलं नाही. भिवाची बाग कशी करपली तेही सांगितलं. पुढच्या साली गावोगाव मोहोर वाचला. खाडीकाठची ती बागही झऱ्याच्या पाण्यात कालवलेल्या औषधानं लगडली, पण तिचा खंड आता दुसऱ्याकडे होता.

वाचकहो, जे दुसऱ्याला करून बघता येत नाही ते ज्ञान अर्धंच असतं. झाकलेल्या कृतीतली चूक करणाऱ्यालाही दिसत नाही, आणि ती भोगतो भलताच. तुम्हाला काही नवं सापडलं तर ते कसं केलंत, कुठे फसलंत, सगळं मोकळेपणी सांगा, आणि वेळेवर सांगा.

गावोगाव मोहोर वाचला त्या साली काशीराम पहिले आंबे घेऊन सगुणाकडे गेला. तिनं ते उतरवून घेतले, त्याला पाणी दिलं.

"साबण चांगला झाला म्हणतात, दादा," ती म्हणाली. "आमचा मोहोर गेल्यावर सांगितलास."