छत्रीचा नाडा

दसऱ्याला नांगर पुजतात, मोटार पुजतात, मग पॅराशूटनंच कुणाचं घोडं मारलं होतं? झरीच्या माळावर दत्तराव देशमुखांनी छत्री पसरायला लावली, हळदकुंकू वाहिलं आणि वरच्या चौकोनी कापडाला दोऱ्यांसकट लाल नाडा बांधला. चांगल्या तीन गाठी मारून ते मांडवात जाऊन बसले. उडी त्यांच्या सूर्यभानची होती, आणि लेकराला दृष्ट लागू नये एवढीच बापाची इच्छा.

त्या कापडाला स्लायडर म्हणतात. त्याच्या चार कड्यांतून छत्रीच्या दोऱ्या जातात. छत्री फुलते तसं ते खाली घसरत येतं, म्हणून झटका बसत नाही. ते वरच अडकलं तर छत्री पुरती उघडत नाही आणि माणूस धोंड्यासारखा खाली येतो. उडी शिकवणाऱ्या सुभेदारांनी हे शिकाऊ पोरांकडून घोकून घेतलं होतं. पण आता ते माळाच्या पार दुसऱ्या टोकाला विमानापाशी होते.

छत्रीची घडी घालायची पाळी सुलाची होती. झरीच्याच बौद्धवाड्यातली, मास्तरांची एकोणीस वर्षांची पोर. सूर्यभानच्या मागोमाग तिची स्वतःची पहिली उडी होती, आणि त्या उडीसाठी ती घरी दोन वर्षं भांडली होती. नाडा बघून तिनं पॅराशूट क्लबाचे सेक्रेटरी बन्सीधरराव यांना सांगितलं, की हा काढावा लागेल.

बन्सीधररावांना घाम फुटला. माळ दत्तरावांचा, मांडव दत्तरावांचा. त्यात ही पोरगी नामांतराच्या मोर्चात दोनदा पोलिसांच्या गाडीत बसून आलेली. हिनं पूजेचा नाडा तोडला म्हटल्यावर गाव पेटेल, असं ते पुटपुटले. माणूस मेला तर काय पेटेल, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

"हात लावलास तर यादीतून तुझं नाव गेलं म्हणून समज."

"जाऊ द्या," सुला म्हणाली. "घडीच्या चिठ्ठीवर सही माझी हाय."

तिचे डोळे भरले. तिनं कात्रीनं नाडा कापला, स्लायडर चारदा वरखाली ओढून पाहिला, पार वर नेऊन बसवला आणि घडी घातली. बन्सीधररावांनी तिच्या नावावर काट मारली.

सूर्यभाननं उडी मारली. छत्री फुलली, स्लायडर सरसर उतरला आणि गडी बैलगाडीतून उतरावं तसा माळावर उतरला. सुला गर्दीत उभी राहून ते बघत होती.

दत्तरावांनी माईक हातात घेतला. म्हणाले, हे सगळं माझ्या नाड्याचं बळ. टाळ्या पडल्या, त्यात बन्सीधररावांच्या सगळ्यांत मोठ्या. सुलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मांडवात शिरली, आडव्या आलेल्या बन्सीधररावांना वळसा घालून पुढं गेली आणि कापलेला नाडा तिन्ही गाठींसकट दत्तरावांच्या तळहातावर ठेवला.

गावात त्यांना सगळे मालक म्हणत. सुला मालक म्हणाली नाही.

"काका, नाडा खालीच ऱ्हायला व्हता. तुमचं लेकरू माझ्या घडीवर उतरलंय."

माईक चालूच होता.