मुळांशी साचलेलं मीठ

मी बेळगावजवळच्या वडगावातलं एक जुनं कागदी लिंबाचं झाड आहे. मित्रांनो, काट्यांना घाबरू नका. आज मी थोडी फुशारकी मारणार आहे, तेवढी ऐकून घ्या.

रुक्माबाईंनी मला माहेराहून, नंदगडहून, रोपटं म्हणून आणलं. त्यांचे यजमान कल्लाप्पा लुगडी विणायचे आणि सूतही घरीच रंगवायचे. माझ्या पानांतल्या पेशी उन्हात साखर तयार करत. मुळांच्या पेशी प्राणवायू घेऊन ती साखर जाळत आणि त्या शक्तीवर मातीतले क्षार आत ओढत. पाणी मात्र फुकट यायचं. पेशीच्या पातळ पडद्यातून ते कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे आपणहून जातं.

१९३८ साली त्याच पाण्याने मला दगा दिला. संक्रांतीनंतर विहीर आटली, तेव्हा रुक्माबाई सूत रंगवून उरलेलं पाणी मला घालू लागल्या. सुताने रंग धरावा म्हणून त्यात भरपूर मीठ असायचं. माती माझ्यापेक्षा खारट झाली आणि पाणी उलट माझ्यातूनच बाहेर जाऊ लागलं. पाय ओले, घसा कोरडा, अशी माझी गत झाली. पानं गळताना पाहून रुक्माबाई बिचाऱ्या आणखी एक हंडा ओतायच्या.

"एवढं पानी घालूनबी वाळालंय. होळीला तोडून देऊ या," कल्लाप्पा म्हणाले.

"माझ्या माहेरचं झाड हाय ते," रुक्माबाई कशाबशा बोलल्या.

होळीला महिना उरला होता. एका सकाळी माझ्या बुंध्याजवळची माती चाचपून त्या हात न धुता तशाच मागावर बसल्या. धागा तुटला. तो जोडायला त्यांनी सवयीने बोटं जिभेला लावली आणि थबकल्या.

"अवो, माती खारट हाय. आपणच मारालोय त्याला."

कल्लाप्पांनी माती चाखली आणि मान खाली घातली. पंधरा दिवस रंगकाम बंद ठेवून दोघांनी लांबच्या विहिरीवरून गोड्या पाण्याच्या घागरी वाहिल्या. मीठ धुऊन खाली गेलं. खुरप्याने माती भुसभुशीत झाली, मुळांना हवा मिळाली. माझ्या पेशींनी उरलीसुरली साखर जाळली, क्षार ओढले आणि पाठोपाठ पाणी आत आलं. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

होळीच्या दिवशी गल्लीतली माणसं कुऱ्हाड घेऊन आली, तेव्हा माझ्या फांद्यांवर कोवळी तांबूस पालवी होती. कल्लाप्पा आडवे उभे राहिले.

"माघारी जावा. जितं हाय ते."

मित्रांनो, झाडाला पाणी जरूर घाला, पण ते कसलं आहे ते आधी बघा. पुढच्या पावसाळ्यात मी इतकी लिंबं धरली की फांद्यांना टेकू द्यायला कल्लाप्पांना माग सोडून यावं लागलं.