फाटकाजवळचे सुरू

तिच्या नवऱ्याला झाडं आवडत नव्हती. झाडांची आवड असलेला माणूस म्हणवून घ्यायला आवडत होतं. हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं, पण तेव्हा घराला अंगणच नव्हतं, म्हणून निभावून गेलं. आता नवं घर झालं, पुढे ऐसपैस जागा निघाली आणि गृहस्थ चेकाळला.

रोपवाटिकेत तो असा छाती काढून फिरत होता, जणू झाडं मुलाखतीला आली होती. तिने जास्वंदीची रोपं दाखवली.

"अहो, ही कुंपणाला लावू. दोन-तीन वर्षांत भिंत झाकून जाईल."

"दोन-तीन वर्षांत? अगं, साहेब पुढच्या महिन्यात जेवायला येतायत! मला आत्ता उंच पाहिजे."

त्याने दोन पुरुष उंचीचे दोन सुरू निवडले. फाटकाच्या दोन्ही बाजूंना, शिपायांसारखे. खड्डे खणले तर आत बांधकामाचा राडारोडा.

"आधी हे काढून माती भरू," ती म्हणाली. "आणि मुळांवरचं प्लॅस्टिक तरी सोडा."

"मुळं कोण बघतंय?"

सुरू आधी पिवळे पडले, मग तपकिरी. त्याने उन्हाला दोष दिला, शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिला, शेवटी तिच्या पाणी घालण्याला दिला.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी नणंद मदतीला आली होती. तीच बाहेरून ओरडली, "वहिनी, लवकर या! दादाने कहर केलाय!"

दादा तोंडाला रुमाल बांधून शिडीवर चढला होता आणि पंपाने झाडांवर हिरवा रंग मारत होता. नणंद हसून हसून खाली बसली. बायकोला मात्र हसू आलं नाही. कीव यावी म्हणून तिने वाट पाहिली. तीही आली नाही. एवढ्याशा माणसाचं ऐकत आपण आयुष्य काढलं, इतकंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोने कौतुकाने फांदीवरून हात फिरवला. तळवा हिरवागार.

"अगंबाई! हे काय?"

"औषध आहे, मॅडम," नवरा घाईने म्हणाला. "कीड लागू नये म्हणून." आणि त्याने बायकोकडे पाहिलं. अशा वेळी ती नेहमी "हो ना" म्हणायची.

"रंग आहे," ती म्हणाली. "काल ह्यांनी मारला. झाडं केव्हाच मेलीत."

"मग ठेवलीत कशाला?"

"तुम्ही येणार होतात ना."

साहेबांना ठसका लागला. जेवताना वाढण्यापुरतंच कोणी बोललं.

पाहुणे गेल्यावर तो फणफणला, "माझं नाक कापलंस!"

"आधी मान पुसा. अजून हिरवी आहे."

पुढच्या रविवारी तिने सुरू उपटवून घेतले. मुळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलीच कुजली होती. मग ती एकटीच जाऊन कुंपणाला लावायला पांढऱ्या फुलांच्या कुंतीची रोपं घेऊन आली आणि पदर खोचून खणायला बसली. तो बराच वेळ दारात घुटमळला.

"मी काय करू?"

"विटांचे तुकडे उचला."

त्याने दोन घमेली नेली आणि कंबर धरून पायरीवर बसला. तिने मान वर केली नाही. पुढचं रोप ओढलं, पिशवी फाडली आणि मुळं हलक्या हाताने मोकळी करू लागली.