एकटी गिटार

मी गिटार वाजवते असं सांगितलं की धार-देवासच्या आमच्या मंडळींचा एकच प्रश्न असतो, "आणि गाणार कोण?"

या प्रश्नाची मला तिडीक आहे. सतारवाल्याला कुणी विचारत नाही गाणार कोण. बासरीवाल्याला तर विचारायची सोयच नाही. गिटार मात्र आमच्याकडे गाण्यामागे झणझण करायलाच जन्माला आलेली, लग्नात करवलीने नवरीमागे उभं राहावं तशी.

गेल्या वर्षी तर कहर झाला. धार माझं माहेर. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक संध्याकाळ कलाकारांची असते. मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. ऐंशी ओलांडली तरी कान शाबूत. तरुणपणी मोठमोठ्या गवयांच्या पुढ्यात बसून गाणं ऐकलेला माणूस, त्यामुळे धारेत त्यांची मान हलली तर कलाकार पास, नाही तर नापास. मी दोन ओळी वाजवल्या नाहीत तोच ते पहिल्या रांगेतून म्हणाले, "वा, वा. आता गाणार कोण?" कुणीतरी माझ्या चुलत बहिणीला मंचावर ढकललं. तिने भजन म्हटलं आणि मी मागे तीन कॉर्ड झणझणवत बसले. टाळ्या तिला मिळाल्या. मला पेढा मिळाला.

देवासला परतताना बसमध्ये गिटार मांडीवर घेऊन मी रडले. दुःखाने नाही, रागाने. कंडक्टर म्हणाला, "दीदी, एकाध गाना हो जाए?" त्याच्याकडे मी असं पाहिलं की बिचारा पुढे जाऊन ड्रायव्हरजवळ बसला. इंदूर यायच्या आत माझं ठरलं होतं. पुढच्या वर्षी त्याच मंचावर एकटी गिटार वाजवायची, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, आणि कुणी गाणार नाही.

देवासला टेकडीच्या रस्त्यावर विक्रमसिंह सरांचा क्लास आहे. सर मूळचे धामनोदचे. पोरांना सिनेमाची गाणी शिकवून त्यांचं घर चालतं, पण दार लोटून एकटे बसले की ते वेगळंच वाजवतात. ते मला शिकवा म्हणून मी हात धुवून त्यांच्या मागे लागले.

"मैडम, इसमें मजा बहुत देर से आता है," ते म्हणाले.

"आने दो, सर. मेरे पास साल भर है."

यात तारा छेडायला पत्ती नसते, बोटंच असतात. अंगठ्याने खालचे जाड सूर धरायचे आणि तर्जनी, मधलं बोट, अनामिका यांनी वरची चाल वाजवायची. गाणारा आणि साथ करणारा दोघेही त्या एकाच लाकडात बसलेले. गाणार कोण याचं उत्तर खरं तर इतकं सोपं होतं, पण ते तोंडाने सांगून पटणारं नव्हतं.

मी दोन रचना घेतल्या. पहिली युरोपातल्या कुणा जुन्या गुरूने शिष्यांसाठी बांधलेली. संथ, सुट्या सुरांची, माळेत मणी ओवावेत तशी. दुसरी चमकदार. तिच्यात तीन बोटं एकाच तारेवर इतकी भराभर फिरतात की सूर तुटलेला कळतच नाही. सर म्हणाले, दुसरीच वाजवा, लोकांना तीच धरून ठेवेल. मी म्हटलं, दुसरी वाजवीन, पण आधी पहिली. कारण ती ऐकूनच मी गिटार विकत घेतली होती.

आता हे शिकणं म्हणजे काय, तर उजव्या हाताची नखं वाढवायची, घासून गोल करायची आणि डाव्या हाताची पार कापून टाकायची. माझ्या सासूबाई, भवानीबाई, यांनी ते पाहून कपाळाला हात लावला. "एका हाताला नखं आणि एक हात बोडका, हे कुठलं शास्त्र?" मग मी कणीक डाव्या हाताने मळायला लागले. बाफल्यांची, म्हणजे उकडून भाजायच्या गोळ्यांची, घट्ट कणीक डाव्या हाताने मळून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

सकाळी शाळेत गणित शिकवायला जायच्या आधी मी सरावाला बसायची. पहिल्या रचनेच्या मध्यावर एक जागा आहे. तिथे डाव्या तर्जनीने सगळ्या तारा एकदम दाबून धरायच्या, करंगळी लांब वर न्यायची, आणि हे चाललं असताना अंगठ्याचा खालचा सूर मरू द्यायचा नाही. माझा रोज मरायचा. सर म्हणत, आणखी हळू. मी आणखी हळू वाजवी. इतकं हळू, की स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येई, "लागली का गं?"

लागली का म्हणजे तार सुरात आली का. मला तो टोमणा वाटायचा. दात-ओठ खात मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मनगट दुखलं, बोटांच्या टोकांची सालं निघाली, होळी गेली, उन्हाळा गेला, आणि एका सकाळी तो खालचा सूर जिवंत राहिला. मी तशीच बसून राहिले, त्या दिवशी शाळेला उशीर झाला.

श्रावणात मी तात्यासाहेबांना फोन केला. "तात्यासाहेब, मला आठ मिनिटं द्या. एकटी गिटार."

"एकटी? बरं, तबला देतो."

"नको."

"टाळ तरी?"

"काहीच नको. गाणं नाही, तबला नाही, टाळ नाही."

मग ते म्हणाले, "दिली आठ मिनिटं. पण मंडळी रमली नाहीत, तर पुढल्या वर्षापासून तुझी गिटार गाण्यामागेच. पुन्हा हट्ट करायचा नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं, आणि फोन ठेवून गिटार काढली.

वाजवताना डावा पाय थोडा उंचावर ठेवावा लागतो. मी निघताना पाट घेतला तशा सासूबाई कडाडल्या, "पाटावर पाय? जेवायचा पाट आहे तो!" मग त्यांनीच मागच्या अंगणातली एक वीट धुतली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली आणि धारेपर्यंत स्वतःच्या पिशवीतून आणली. त्या का येताहेत ते मी विचारलं नाही. बहुधा सुनेची फजिती बघायला, असं मला वाटलं.

सभागृह भरलं होतं. आरती नुकतीच आटोपलेली, खिरापतीचे द्रोण हातोहात फिरत होते, पंखे घरघरत होते. माइकवाल्या पियुषभियांनी माइक माझ्या तोंडासमोर लावला.

"भिया, नीचे. गिटार के सामने."

"तो गाओगे कैसे?"

"गाना नहीं है."

त्यांनी माइक खाली केला, पण माझ्यावर विश्वास न बसून थोडा वरच ठेवला. मी स्वतः उठून तो खाली ओढला. सूत्रसंचालन करणारी वैभवी म्हणाली, "देवासहून आलेल्या अपेक्षाताई, गिटार." मी विटेवर पाय ठेवला, व्हिडिओत ते परदेशी वादक करतात तशी मान खाली घातली आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीलाच कळलं, कुणी ऐकत नाहीये. लोक मजेत बोलत होते. कुक्षीहून आलेले कोणी पाहुणे मुलाच्या बदलीचं सांगत होते, बायकांत खिरापतीत वेलची कमी पडल्याची चर्चा होती. मला वाटलं, जरा वेळाने शांत होतील. झाले नाहीत. ती अवघड जागा आली, तर्जनी पडली, करंगळी वर गेली, खालचा सूर जिवंत राहिला. वर्षभरात इतकी सुंदर ती कधी वाजली नव्हती, आणि नेमक्या त्या वेळी कुणीतरी पाणी मागत होतं. बोलणाऱ्यांना तात्यासाहेब मधूनच हात करून म्हणाले, "असू द्या, असू द्या. लावू द्या तिला. घाई नाही."

मी शेवटचा सूर वाजवून हात उचलला. एकही टाळी नाही. तात्यासाहेब पुढे झुकले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "लागली? छान. मन लावून लावलीस हो. आता होऊ दे सुरू."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पाठोपाठ आगच. यांना वाटत होतं मी सूर लावत होते! गवयांच्या बैठकी ऐकून वाढलेली ही माणसं. तंबोरा लागेपर्यंत बोलायचं, पान खायचं, आणि कलाकाराने सूर लावायला वेळ घेतला तर त्याचं कौतुक करायचं, ही त्यांची रीत. सुटे सुटे सूर ऐकून त्यांनी मला रीतसर वेळ दिला होता. सासूबाईंचं ते रोजचं "लागली का?" आता माझ्या कानात घणघणलं. म्हणजे तो टोमणा नव्हताच.

अर्धा वेळ संपला होता. दुसरी रचना वाजवली असती तर बोटांची पळापळ बघूनच टाळ्या पडल्या असत्या, तात्यासाहेबांची अट पुरी झाली असती, सगळे खूश. क्षणभर माझा हात तिकडे वळलाही. पण मग वर्षभर मी कशासाठी मनगट मोडून घेतलं? मी पहिलीच वाजवणार होते. पुन्हा, अथपासून इतिपर्यंत.

फक्त या वेळी यांच्या रीतीने. मी गिटार मांडीवर आडवी ठेवली. गणपतीला हात जोडले, तात्यासाहेबांना वाकून नमस्कार केला, कानाच्या पाळीला बोटं लावली आणि म्हटलं, "आज्ञा असावी."

सभागृह असं गप्प झालं की काय सांगू. बदली गप्प, वेलची गप्प. तात्यासाहेबांनी मागे वळून हुकूम सोडला, "पंखे बंद करा." पंखे थांबले. मांड्या घालून बसलेले लोक सावरून बसले.

मी तेच वाजवलं. तसंच, त्याच लयीत, एक सूर इकडचा तिकडे नाही. पंखे बंद असल्यामुळे तारेवर बोट घसरल्याचं ऐकू येत होतं. अवघड जागेला माझा घाम कपाळावरून नाकावर उतरला, पण अंगठा थांबला नाही. तो खालचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आल्यासारखा मला वाटला. शेवटचा सूर विझेपर्यंत मी हात तसाच धरला आणि त्यांनीही श्वास तसाच धरला.

मग टाळ्या आल्या. त्या ओसरायच्या आत तात्यासाहेब काठी टेकत उभे राहिले.

"पोरी, मघाशी हेच होतं?"

खोटं बोलून सगळ्यांची अब्रू राखता आली असती. मी म्हटलं, "हो, तात्यासाहेब. हेच."

कुणी हसलं नाही. बायकांच्या रांगेतून फक्त सासूबाईंचा आवाज आला, "अगं बाई! म्हणजे वर्षभर हेच वाजवत होतीस? मी समजत होते गिटारच खोटी निघाली!" आता मात्र सगळे हसले, मीही.

तात्यासाहेब हसले नाहीत. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि सगळ्यांसमोर स्वतःचा कान धरला.

"अजून एक होतं ना तुझं?" त्यांनी विचारलं.

"होतं. पण आठ मिनिटं संपली."

"वैभवी, अध्यक्षीय भाषण काढून टाक. तो वेळ हिला दे."

त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्या वाक्याला पडली. दर वर्षी तात्यासाहेबांचं भाषण खिरापतीपेक्षा जास्त वेळ चालतं.

दुसऱ्या रचनेसाठी सगळ्यात जाड तार थोडी उतरवावी लागते. मी खुंटी हळूच फिरवली, तार छेडली, कान लावला. अजून थोडी. पुन्हा छेडली. मान वर केली तर पंखे बंद, द्रोण खाली ठेवलेले, आणि अख्खं सभागृह डोळे मिटून ऐकत होतं. तात्यासाहेबांची मान सावकाश डोलत होती.

"वाऽ!" ते म्हणाले.

मी तार नीट लावून घेतली, विटेवरचा पाय सरळ केला आणि अंगठा ठेवला.