शोभेचे उमेदवार

आमच्या उमरग्याकडच्या कॉलेजात अर्थशास्त्राची कायम जागा एकच. ती नऊ वर्षं रिकामी होती आणि नऊ वर्षं मीच ती चालवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात हलवत घरी. पीएच.डी. मी याच नोकरीत केली. तिचा उपयोग एवढाच, की शिपाई मला ‘डॉक्टर’ म्हणतो आणि गुडघेदुखीवर गोळी विचारतो.

यंदा जागा भरायला परवानगी आली. संस्थेचे अध्यक्ष माणिकप्पाअण्णा भाषणात ज्ञानदानाबद्दल फार बोलतात. खोलीत बोलले ते पंचेचाळीस लाखांबद्दल. माझे वडील म्हणाले, “दोन एकर इकू, शिवलीला. नोकरी तरी पक्की व्हईल.” मी नको म्हणाले. नऊ वर्षांचं काम बघून मलाच घेतील, असं मला खरंच वाटत होतं. पीएच.डी. करूनही माणूस मूर्ख राहतो, त्याला दुसरा पुरावा नको.

जागा विकत घेतली महांतेश नावाच्या एका उमेदवारानं, म्हणजे त्याच्या नळदुर्गच्या ढाबेवाल्या सासऱ्यानं. पण मुलाखत रीतसर लागते. त्यासाठी बाहेरचे तज्ज्ञ लागतात, आणि हरायला चार उमेदवार लागतात. त्या चौघांना आमच्याकडे शोभेचे म्हणतात. हेडक्लार्क ईरण्णा मला म्हणाला, “मॅडम, अण्णा म्हणले, तुमी बी बसा. अन् महांतेश सरांना जरा टिपणं काढून द्या.”

मी दिली. जागा भरली की माझे तास जाणार हे ठाऊक असून दिली. नऊ वर्षांत पाठीचा कणा वाकला होता, दुसरं काय. वर मनात आशा होती, की तो अडखळेल आणि तज्ज्ञांना सगळं कळेल.

मुलाखतीत शिकवून दाखवायच्या पाठाचा विषय होता, वेगवेगळ्या अर्थव्यवस्थांत शिक्षणाचा खर्च कोण करतं. दार उघडंच होतं, बाहेरच्या बाकावर आम्हाला सगळं ऐकू येत होतं. महांतेशनं टिपणं पाठ केली होती, अगदी सगळी.

“समाजवादात शिक्षणाचा खर्च सरकार करते,” तो म्हणाला. “इथे थांबून फळ्याकडे वळावे. भांडवलशाहीत शिक्षणाचा खर्च विद्यार्थी करतो.”

वळला मात्र नाही. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि गुण टाकले. ती मान घरून निघतानाच डोलत आली असावी.

मग मला बोलावलं. सरकारचं सांगून झालं, विद्यार्थ्यांचं सांगून झालं. तज्ज्ञांनी जांभई आवरत विचारलं, “आणि मिश्र अर्थव्यवस्थेत?”

“पगार सरकार देतं, फी मुलं देतात,” मी म्हणाले, “आणि शिकवायची परवानगी मिळावी म्हणून मास्तर पैसे देतो. संस्था मध्ये बसते.”

अण्णा खवळतील, निदान कुणीतरी मान खाली घालेल, असं वाटलं होतं. तज्ज्ञ मनापासून हसले. “छान मांडलंत. यावर पेपर लिहा.”

अण्णाही हसले. “बोलायची कला हाय मॅडमकडं. म्हणून तर आमी त्यांना सोडत न्हाय.”

संध्याकाळी ईरण्णानं यादी लावली. पहिलं नाव महांतेशचं होतं. पेढे वाटून झाल्यावर तो माझ्यापाशी आला आणि खालमानेनं उभा राहिला.

“मॅडम, मला पोरांपुढं उभारायचं लई भ्या वाटतंय. माझे तास तुमीच घ्या. माझ्या पगारातनं देतो, तासाला तीनशे. अण्णांना इचारलंय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसायला जागा त्याची, शिकवायला मी, आणि माझा मालक आता हा. याला आणि याच्या अण्णाला एकदा तरी तोंडावर नाही म्हणावं, म्हणून मी तोंड उघडलं.

“चारशे,” मी म्हणाले.

साडेतीनशेवर जमलं.