पोटात मेण भरलेले वजन

मी एक जुने लोखंडी वजन आहे, दोन किलोचे. मित्रांनो, माझ्या बुडाला एक खळगा आहे. कारखान्यात त्यात शिसे ओतून माझा भार नेमका केला आणि तपासनिसाने त्यावर शिक्का मारला. त्या दिवशी मी खरे होते.

एका किराणा दुकानदाराने मला विकत घेतले. सगळे त्याला आजोबा म्हणत. आजोबा भारी गोडबोले! एका दुपारी दार लावून त्यांनी माझे शिसे कोरून काढले, आत मेण दाबले आणि शिक्का असलेला शिशाचा पातळ पापुद्रा वर चिकटवला. पुढे कितीतरी वर्षे मी गिऱ्हाइकांना फसवले. लोखंडाला तोंड नसते, नाहीतर मी ओरडले असते.

आजोबा वारले आणि दुकान त्यांच्या विधवा नातीकडे आले. आठ महिन्यांपूर्वी मी तिच्या हातून निसटले. पापुद्रा उडाला. मेण पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने दाराकडे पाहिले, पापुद्रा परत दाबला आणि मला पारड्यात ठेवले.

"मावशी, अजून काय देऊ?" ती दुकानात आलेल्या शेजारच्या मावशींना म्हणाली.

मग तिची सहा वर्षांची मुलगी तापाने अंथरुणाला खिळली. तीन आठवडे झाले, औषधाला गुण येईना. आई गुडघे टेकून रडायची, "देवा, आजोबांचं पाप माझ्या लेकराच्या माथी मारू नकोस!" आणि सकाळी पुन्हा मलाच उचलायची.

एका संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब मुलीसाठी प्रार्थना करायला आले. तिने त्यांच्यासमोर मला उलटे केले आणि सारे सांगितले.

"आजोबांचा जाब देव आजोबांनाच विचारेल," ते म्हणाले. "नातीला नाही, पणतीला तर नाहीच."

तिने सुटकेचा श्वास घेतला.

"पण बाई, तुला हे कधी कळलं?"

"आठ महिने झाले."

"मग हे आठ महिने कोणाचे?"

"म्हणजे माझ्यामुळेच पोरीला ताप आला?"

"अगं नाही! ताप हा ताप आहे. तुझंही पाप तिला लागायचं नाही. ते तुझं आहे, तुलाच ते टाकावं लागेल. क्षमा मागणाऱ्याला ख्रिस्त परत पाठवत नाही."

"दुकान बसलं तर औषध कुठून आणू?"

पाळकसाहेब मुलीच्या उशाशी प्रार्थनेला बसले.

सकाळी भरल्या दुकानात तिने माझ्या पोटातले मेण नखांनी खरवडून काढले. "हे वजन आजोबांच्या वेळचं, आणि ते खोटं आहे," तिने सांगितले. शेजारच्या मावशी थक्क झाल्या. "आजोबा तर देवळात पहिल्या बाकावर बसायचे गं!"

"त्यांचं ते बघतील, मावशी. पण हे कळूनही आठ महिने मी यानेच तोललं. ते माझं आहे. मला माफ करा."

मावशींनी पिशवी उचलली. एकेक करत सगळे निघून गेले. आतून मुलगी कण्हत होती. आई रिकाम्या दुकानात उभी होती. पण तिने मला पुन्हा पारड्यात ठेवले नाही.

मित्रांनो, मुलीचा ताप अजून उतरलेला नाही. गिऱ्हाइके परत येतील का, मला ठाऊक नाही. माझे एवढेच मागणे आहे: वडीलधाऱ्यांच्या चुकीसाठी कोणत्याही लेकराकडे बोट दाखवू नका. आणि चूक कळल्यावर तुम्ही ती चालू ठेवलीत, तर मात्र "ही आमच्या आजोबांची" असे म्हणू नका.